शून्य नोंदी सापडल्या

११ ऑगस्ट २०२५, बीड

शून्य! चक्क शून्य! 'मराठवाड्यातील एकल ऊसतोड महिला कामगारांच्या सामाजिक समस्यांचा अभ्यास' — अख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकलं आणि बटण दाबलं. प्रबंधांच्या त्या भल्यामोठ्या साठ्यात पडद्यावरचं चाक गोल फिरत होतं तेवढा वेळ श्वासच घेतला नाही. मग आलं — 'शून्य नोंदी सापडल्या.' म्हणजे माझ्याआधी कोणीच केलेलं नाही!

विजयसिंह सर, माझे मार्गदर्शक, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आधी कुणी केलंय का ते बघ. केलं असेल तर विषय संपला." आणि रामहरीमामाचं म्हणणं तर घरात सगळ्यांना पाठ आहे. "पीएचडीची नोंदणी झाली तर शिक. न्हाई झाली तर दिवाळीनंतर लगीन उरकू." पाटोद्याचं स्थळ बघूनही ठेवलंय.

१३ ऑगस्ट

हमीपत्रावर सही केली. 'या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही याची मी खात्री केली आहे.' सर म्हणाले, "नीट बघितलंस ना?" मी हो म्हणाले. हाताला इतका घाम होता की सहीखाली डाग पडला.

१४ ऑगस्ट

खात्री केली म्हणजे काय केलं मी? एकदा बटण दाबलं.

१८ ऑगस्ट

आज ग्रंथपाल राधाकिशन सरांनी माझ्या संगणकाचा पडदा पाहिला आणि हसले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं अजून गावाकडचंच. "बेटा, अख्खं शीर्षक टाकल्यावर शून्यच येणार की! हे म्हंजे गावात जाऊन इचारायचं, माझ्यासारखीच दिसणारी, माझ्याच नावाची कुणी हाय का हितं?"

जुन्या कार्डाच्या पाठीवर त्यांनी तीन खाने आखले. कोण, कोणतं काम, कुठं. प्रत्येक खान्यात सुचतील तेवढे शब्द लिहायचे. बाई, महिला, स्त्री, विधवा, परित्यक्ता. ऊसतोड, ऊसतोडणी, हंगामी स्थलांतर. एका खान्यातले शब्द 'किंवा'नं जोडायचे, खाने एकमेकांना 'आणि'नं. "अन् शीर्षकातच कावून शोधायलीस? सारांशात शोध. ही सालाची चौकट दोन हजार पंधराच्या पुढं कुणी ठिवली?" मीच ठेवली होती. थोडंच सापडावं म्हणून. हे त्यांना सांगितलं नाही.

शेवटी विचारलं, "एकट्या बाईला उसाच्या फडात काय म्हणतेत? पुस्तकातला शब्द सोड. तितला शब्द सांग."

मला माहीत होता. मी म्हणाले, माहीत नाही.

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या यादीत नाव नवऱ्याचं. बाबा गेल्यावर आई एकटीच जायला लागली — अर्धा कोयता. शाळेत पोरी मला 'अर्ध्या कोयत्याची' म्हणायच्या. सातवीपर्यंत म्हणायच्या! हा शब्द मी अख्ख्या आराखड्यात एकदाही येऊ दिलेला नाही. लाज वाटते म्हणून, दुसरं काही नाही.

२० ऑगस्ट

सालाची चौकट काढली, तिन्ही खाने भरून सारांशांत शोधलं. दोनशे तेरा नोंदी! स्थलांतर, पोरांच्या शाळा, आजारपणं. सगळ्यांचे सारांश वाचले, डोळ्यांना पाणी आलं. माझा विषय एकातही नाही. खरं तर सुटले म्हणायला हवं. पण जो शब्द टाकला नाही तोच दिवसभर डोक्यात फिरतोय.

२३ ऑगस्ट

चकलांब्याला आईला फोन. "कावून गं, आवाज असा यायलाय? जेवली न्हाईस का?"

विचारलं, फडावर तुला कोणी काही विचारायला यायचं का गं, वही घेऊन?

"लई जण यायचे. मोजायचे अन् जायचे. तू बी आलतीस एक साल, सात वर्साची व्हतीस. तुला काय आठवायलंय?"

एवढंच आठवतं. उसाच्या पाचटाची कोपी, एवढीशी झोपडी, तिच्यात वाकून शिरावं लागायचं. आणि चार रंगांचं पेन. कुणी दिलं ते आठवत नाही. निळी कांडी सगळ्यांत आधी संपली. आईला पुढं काही विचारलं की ती "आता जनावराला पाणी दाखवायचंय" म्हणते. आजही तेच म्हणाली.

२५ ऑगस्ट

टाकला. 'अर्धा कोयता'.

दोन नोंदी. एक शेतीच्या अवजारांवरची. दुसरी — 'अर्धा कोयता : एकट्या ऊसतोड स्त्रियांचे जीवन'. प्रबंध, साल २०१०. माझाच विषय! पंधरा वर्षांपूर्वी! सारांशात स्त्री नाही, विधवा नाही, ऊसतोडही नाही, सगळीकडे अर्धा कोयताच. म्हणून माझ्या खान्यांत आला नाही.

फक्त सारांश खुला आहे, पूर्ण प्रबंध मागवावा लागतो. खिडकी बंद केली असती तर कोणाला कळणार होतं? केलीही बंद. मागे राधाकिशन सर उभे होते. मागणीचा अर्ज टेबलावर ठेवून गेले.

२६ ऑगस्ट

अर्ज भरला नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. ग्रंथालयाला सुट्टी. एक दिवस तरी मिळाला.

२८ ऑगस्ट

अर्ज दिला. आणि पाय मागं वळायच्या आत तशीच विजयसिंह सरांकडे गेले. म्हणाले, सर, माझ्याच विषयावर एका बाईंचा २०१० सालचा प्रबंध आहे, हमीपत्र परत द्या.

"खोटी सही केलीस?"

हो.

मी त्यांच्या टेबलाचा कोपरा धरून उभी. मग सर म्हणाले, "नोंदणीची समिती बारा सप्टेंबरला आहे. त्या बाईंनी सांगितलं नाही असं तुझ्याकडं काय आहे, ते एका पानावर लिहून आण. नसेल तर आपण दोघांनीही वेळ घालवायला नको." हमीपत्र त्यांनी फाडलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

३ सप्टेंबर

पान कोरंच. मामाचा फोन — पाटोद्याचे लोक चौदा तारखेला येणार. "चांगली साडी आण." मामाला काहीच कळलेलं नाही, आणि तरी कसं नेमकं वेळेवर!

८ सप्टेंबर

प्रबंध आला. तीनशे बारा पानं. दोनशेपर्यंत वाचली. मी जे जे सांगणार होते ते सगळं त्या बाईंनी सांगून ठेवलंय, माझ्यापेक्षा नीट. कोणाचं नाव नाही, प्रत्येक बाईला फक्त क्रमांक. माझ्याकडे वेगळं काय आहे? काहीच नाही. आईला काय तोंडानं सांगू? ती गावभर सांगत सुटलीय, "आमची मंगल डाक्टर व्हायलीय, पर सुई टोचणारी न्हाई."

९ सप्टेंबर

परिशिष्ट, पान २९४. जसंच्या तसं उतरवून घेते.

'प्रतिसादक क्र. १७. विधवा, अर्धा कोयता, मु. चकलांबा. उत्तरे देण्यास नकार. सोबतच्या सात वर्षांच्या मुलीने सांगितले : "आई निजतच न्हाई. कोयता मांडीवर घिऊन दाराकडं त्वांड करून बसती. म्या म्हनलं कावून, तर म्हनती कुत्री येतेत. पर हितं कुत्री न्हाईत." मुलीला चार रंगांचे पेन दिले.'

सरांच्या पानावर पहिली ओळ लिहिली — ती मुलगी मी आहे. त्या बाईंना जिनं उत्तर दिलं नाही, ती माझी आई आहे.

उद्या सकाळच्या गाडीनं चकलांब्याला जाते. समोर बसून विचारायचंय. आई, कुत्री कुठली होती गं?