नळ चावतो

प्रिय दादा,

तुझ्या दुकानात नव्या नळांचा माल आला असेल, वहिनीचे गुडघे बरे असतील, सगळं छान असेल. तुझ्याकडे सगळं छानच असतं. आता जरा माझ्याकडचं वाच, आणि पूर्ण वाच. फोनवर तू मला 'बोल, बोल' म्हणत गिऱ्हाइकाला पाइपचं माप सांगत असतोस.

गेल्या आठवड्यात मी आईचं घर उघडलं. तू तिला वृद्धाश्रमात नेऊन ठेवल्यापासून कुलूपच होतं. खोल्यांत कोंदट वास, तू नवं करून दिलेलं न्हाणीघर मात्र लख्ख. तुझ्या हाताला मी नावं ठेवणार नाही. फरशा एका रेषेत, नळ चकचकीत, गंजका लोखंडी पाइप जाऊन पांढरे स्वच्छ प्लॅस्टिकचे पाइप. बाबा असते तर म्हणाले असते, पोरगा कामाचा निघाला. आणि लगेच विचारलं असतं, बहिणीला विचारलंस का? तुला त्यांनी प्लंबिंगला घातलं, मला स्वतःबरोबर वायरिंगला नेलं, तेव्हाच बजावलं होतं की एका घरात पाणीवाल्याने आणि वीजवालीने अबोला धरायचा नाही. आपण नेमका तोच धरला, आता फोन होतात ते आईपुरते. कशावरून, तर त्यांच्या स्कूटरवरून! ती तुझ्या दारात गंजत पडली आहे, मी येताना पाहिली.

न्हाणीघर नवं झाल्यावर आई तुला सांगत होती की नळ चावतो. तू आलास, हात लावलास, काही नाही. तिने पुन्हा बोलावलं, पुन्हा काही नाही. पण तू दोन्ही वेळा रबरी चपला घालूनच आत गेलास, पाय ओले झालेले तुला चालत नाहीत. आई चपला दाराबाहेर काढते. बाबा ओरडायचे तरी काढायची. ओल्या फरशीवर अनवाणी पाय, गीझर चालू आणि हात नळावर. तिला नळ चावत होता, दादा. तुला तो चावणारच नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथे जळत होतं तिचं आणि निकाल दिलास तू.

मग ती आंघोळ टाळायला लागली. नळ लाकडी पळीने उघडायला लागली. शेजारणीने ते तुझ्या कानावर घातलं, तू डॉक्टरांच्या, आणि डॉक्टरांनी भास थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गोळ्यांनी ती बसल्या जागी पेंगायची, पेंगताना दूध उतू गेलं, भांडं करपलं, आणि तू ठरवून टाकलंस की आता ती एकटी राहू शकत नाही. मला कळवलंस ते तिची बॅग भरून झाल्यावर. आईनेही मला नळाचं कधी सांगितलं नाही. तुझ्या कामातली खोट माझ्या हाती लागली तर आपण पुन्हा भांडू, ही तिला धास्ती.

मी गीझर चालू केला आणि नळाला टेस्टर टेकवला. दिवा लागला. गीझर बंद केला, दिवा विझला. मेन स्विच पाडून गीझर उघडला तर कॉइलचं आवरण तडकलेलं. त्यातून करंट पाण्यात आणि टाकीत उतरत होता, तिथून नळात. पण कॉइल काय, कधी ना कधी सगळ्यांचीच तडकते. असा करंट अर्थिंगच्या वायरने मुकाट जमिनीत जायला हवा. म्हणून त्या हिरव्या वायरचा माग काढत मी मागच्या बोळात गेले. बाबांनी ती जुन्या पद्धतीने, जमिनीत जाणाऱ्या लोखंडी पाइपला पट्टीने आवळली होती. पट्टी अजून घट्ट आहे. पाइपही आहे, वीतभर. वरून कापलेला, खालून कापलेला, वायरीला लोंबकळणारा, जमिनीशी संबंध तुटलेला. म्हणजे तू वायर पाहिली होतीस. पाहिलीस म्हणून तर तेवढा तुकडा राखून कापलास. वायर माझ्या खात्यातली, तिला हात कशाला लावा, आणि मला फोन तरी कशाला करा, असंच ना?

नवी कॉइल बसवली, जमिनीत वेगळं अर्थिंग केलं, गळती झाली की वीज तोडणारा स्विच लावला. मग चपला काढून, फरशी ओली करून नळ धरला. काही झालं नाही. मी तिथेच बसून रडले. दुःखाने नाही, तुझ्यावरच्या रागाने.

तो पाइपचा तुकडा पिशवीत घालून आश्रमात गेले. वाटलं होतं, आई तुला चार शिव्या हासडेल आणि बॅग भरायला घेईल. तिने बाबांची पट्टी ओळखली, रुमालाने पुसली आणि म्हणाली, असेल गं, पण दादा म्हणाला ना की भास आहे, मग भासच असेल. माझं मलाच आता खरं वाटत नाही. घरी यायला ती तयार नाही. तिथलाही नळ ती रुमाल गुंडाळूनच उघडते. दादा, नळातला करंट मी काढला, तिच्या मनातलं हे मला निघत नाही. माझ्या टेस्टरपेक्षा तिला अजूनही तुझा शब्द खरा. म्हणून हे पत्र. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. रविवारी ये, तिला हाताला धरून घरी आण. न्हाणीघराच्या दाराशी चपला काढ, फरशीवर पाणी ओत, नळ धर, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग की आई, नळ चावत होता. घाबरू नकोस दादा, तुला काही होणार नाही. तुला कधी काही होतच नाही.

अजून तरी तुझीच,
वायरवाली