ऋजुताच्या केसांचं कंडिशनर

३ फेब्रुवारी, सोमवार
आणि वर मलाच म्हणते, आई, तेल चोपडून चोपडून तूच माझे केस बिघडवलेस. धारहून फोन करून हे सांगायचं. लग्न होईतो वेणी कोणी घातली? कंबरेखाली गेले ते काय आपोआप? आता बाजारातलं काहीबाही लावते. ठरलं. कंडिशनर मीच करणार. लावून घ्यायला तिला देवासला यावंच लागेल. मला राग आलेला नाही.

५ फेब्रुवारी
दुकानवाला भिया मेणासारखे पांढरे दाणे दाखवत होता. म्हणे ये ले जाओ, केसांना धरून राहतं तेच खरं, बाकी सब पानी में. मला शिकवतो. त्या केसांत बोटं माझी होती की ह्याची? अळशी आणि ग्लिसरीन घेतलं.

७ फेब्रुवारी, दुपारी
अळशी उकळली. निवू दिली तर गाळणीतून उतरेना, फडक्यातून पिळली. हात दुखतात. ग्लिसरीन सढळ घातलं. माझे केस विरळ, म्हणून सणावाराच्या गंगावनावर ट्रायल घेतली. रेशीम. शेजारची नीतू म्हणाली, काकी, ये तो नायलॉन है, पहले भी ऐसा ही था. जळते मेली.

१० फेब्रुवारी
ऋजुताला सांगितलं, रविवारी ये, मी न्हाऊ घालते. बघते म्हणाली. म्हणजे येते.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाणी दोनदा तापवलं. काम निघालं असेल तिला. अळशीला आंबूस वास येतोय. वाया कशाला, म्हणून स्वतःला लावलं. डोकं गुळाच्या ढेपेसारखं.

१८ फेब्रुवारी
पांढरे दाणे आणले. भियाला सांगितलं, दुसऱ्या कोणासाठी आहेत. गरम पाण्यात वितळवून घोटले, लोण्यासारखं झालं. केसांत कंगवा सरळ उतरला. परवा ढेप झालेलं तेच माझं डोकं. नीतू माहेरी धारला निघाली, तिच्याकडे मोठी बाटली दिली. लांब केसांना भरपूर लागतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
नीतू आली. बाटली दी, म्हणाली, आणि उगाच माझी भाजी निवडायला बसली. खोदून विचारलं. दीदी ने तो दिवाली में ही बाल कटवा लिए, काकी. कानापर्यंत. छान दिसते म्हणे. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणायची ऋजुता, मला खरं वाटलं.
ऋजुताला बोलून मेसेज टाकला. कापलेस तर कापलेस. आखूड केसांना कमी लागतं, एवढंच. डोकं तर तेच आहे. रविवारी धुवून घ्यायला येतेस की नाही, शनिवारी दिवेलागणीपर्यंत सांग.