मुठीत बसेल असं पिस्तूल

आई, मी नेमबाजी शिकवते त्या रेंजवर काल एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. नवं महागातलं घेऊ की जुनं बघू?" मी तिला वजन, ट्रिगर, सुटे भाग असं सगळं सांगत गेले आणि बोलता बोलता लक्षात आलं, यातलं निम्मं मी तुझ्याकडून शिकलेय. तू तर जन्मात एक गोळी झाडली नव्हतीस.

तेव्हा आपण दिघ्याला राहायचो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तू पावण्याच्या औषध कंपनीत पॅकिंगला होतीस. कॉलेजातल्या एनसीसीनं मला नेमबाजीचं वेड लावलं होतं. नेमबाजीच्या क्लबात सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल एकच. गोळ्यांचं मॅगझिन भरलं की फक्त ट्रिगर दाबत जायचा, पुढची गोळी आपोआप वर येते. ते आम्ही चौघं आळीपाळीनं वापरायचो, आणि त्याची मूठ माझ्या हाताला मोठी व्हायची. क्लबातल्या सरांनी स्पष्टच सांगितलं, राज्य स्पर्धेत उतरायचं असेल तर स्वतःचं घे. परवान्याला वर्ष गेलं. तोवर पैसे साठावेत म्हणून तू तुझ्या सोन्याच्या बांगड्या करणं लांबणीवर टाकलंस. शेजारची म्हणाली, "पोरीला बंदूक कशाला? मंगळसूत्राचं बघा." तू म्हणालीस, "ते पण बघू. आधी हे."

मुंबईतलं ते बंदुकांचं दुकान अजून डोळ्यांसमोर आहे: तू कामावर नेसायचीस ती साडी नेसून आली आहेस आणि शेठ काचेवर दोन पिस्तुलं ठेवतो. एक निकेलच्या मुलाम्याचं, आखूड, आरशासारखं चकचकीत. दुसरं लांब नळीचं, मुठीजवळचा काळा रंग उडालेलं, किमतीला निम्म्याहून कमी. शेठ म्हणतो, "बाई, चमकवाला घ्या. फॉरेनमधे नाव हाय त्याचं."

"आणि हे स्वस्त का?"

"ज्याचं होतं तो वारला. बायको विकते. गिऱ्हाइकाला असं लांबडं नको, कमरेला बसत नाय."

तू मला म्हणालीस, "अगं, हातात घेऊन बघ की." शेठनं दोन्ही रिकामी असल्याची खात्री करून दिली. मी भिंतीकडे धरून पाहिली. चकचकीताचा ट्रिगर ताठ होता, दाबताना नळी खाली झुकायची. जुन्याचा हलकेच सुटला, नळी जागची हलली नाही. मी तसं सांगितलं. "मग हेच," तू म्हणालीस, आणि लगेच घुटमळलीस. "पण दुकानात सगळंच चालतं. वर्षानं मोडलं तर दुसरं आणायची आपली ऐपत नाही. शेठ, मला त्या बाईंना भेटायचंय." शेठ हसला, पण त्यानं निरोप धाडला.

ती उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात राहायची. मुसलमानाचं घर, ओट्यावर वाळत घातलेली सुकट. तिचा नवरा स्पर्धांमधून नेम मारायचा. तिनं चहा दिला आणि आधी मलाच विचारलं, "तू काय करनार त्याचं?"

"स्पर्धेत उतरणार."

"मग ठीक. एक जन कमरेला लावायला मागत होता. त्याला मी नाय दिली."

तू सरळ विचारलंस, "ताई, खोड काय आहे त्याची?" मला लाज वाटली. तिला मात्र बरं वाटलेलं दिसलं. ती म्हणाली, "हलकी गोली घातली का अडकते. ते लय शिव्या घालायचे. चांगली गोली घाल, तेल थोडंच घाल, मग बघ." बिस्किटांच्या डब्यातून तिनं दोन जादा मॅगझिनं आणि एक स्प्रिंग काढून तुझ्या ओटीत ठेवली. तू म्हणालीस, "तुम्हाला वाईट नाही वाटणार?" ती म्हणाली, "दुकानात पडून गंजली तर जास्ती वाटंल."

वस्तू आपली झाली, पण मूठ तिच्या नवऱ्याच्या पंजाच्या मापाची होती. त्या रविवारी तू पोळ्यांची कणीक घट्ट मळलीस, एक गोळा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "आवळून धर. हसू नकोस, हात हलतो." माझ्या बोटांचे ठसे उमटून सुकलेला तो गोळा आणि पिस्तुलावरून काढलेले लाकडी मुठीचे दोन तुकडे घेऊन आपण सुताराकडे गेलो. तो म्हणाला, "मावशी, हे काय, बाटी?" तरी त्यानं तास तास तासलं. बोटांच्या खाचा अशा उतरल्या की डोळे मिटून धरलं तरी हात आपल्या जागी जायचा.

राज्य स्पर्धेत मी तिसरी आले. जलद फेरीत गोळी एकदाही अडकली नाही. तू पेढे घेऊन आधी खाडीकाठी त्या ताईंकडे गेलीस, मग आपल्या चाळीत वाटलेस. शेजारणीला दोन दिलेस.

तू गेलीस, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? म्हणून इथेच सांगून टाकते. माझ्या एकाही स्पर्धेला तुला सुट्टी मिळाली नाही. दर वेळी तू हळहळायचीस आणि मी म्हणायचे, असू दे गं. तू येत नाहीस याचं मला खरंच बरं वाटायचं. तू मागे उभी असतीस तर माझा हात स्थिर राहिला नसता.