इंग्रजी पोथीची समाप्ती

खानापूर तालुका,
ता. ४ मे १९७८

तीर्थस्वरूप मष्णूमामा यांच्या पायांवर शामूचं डोकं. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तुम्हीच काय ते ठरवा. तुमचा खोकला कसा आहे? वखारीतली तंबाखूची धूळ आणि मामींची मिरच्यांची फोडणी, दोन्हींपासून जरा लांब बसत जा. (हे मामींना वाचून दाखवू नका.)

तर आपल्या जयाचं लग्न ठरलं. नवरा आमच्याच गावच्या भरमाचा ज्योतिबा, तिथी पुढचा रविवार. तुम्ही निपाणीहून दोन दिवस आधीच यावं. हे लग्न कसं ठरलं ते सविस्तर सांगतो, कारण त्याला माझं एम.ए. जबाबदार आहे.

शाळेत मास्तरकी करत मी धारवाडला इंग्रजी घेऊन बाहेरून बसलोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं सहाशे वर्षांपूर्वीचं एक काव्य नेमलंय. इंग्रजी म्हणजे आपण वर्गात 'सिट डाऊन' म्हणतो तसलं न्हाय, पानावर मुंग्या सांडल्यात जणू. डोक्यात राहावं म्हणून मी रोज दिवेलागणीला सोप्यात बसून एकेक ओळ मराठीत मोठ्यानं सांगू लागलो. पहिल्या दिवशी ऐकायला फक्त म्हैस होती. दुसऱ्या दिवशी आप्पा येऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक पाटावर ठेवून उदबत्ती लावली. (पुस्तक लायब्ररीचं. पान चाळीसला भोक पडलंय.) आठवडाभरात तीस माणसं जमली, बायकांनी चित्रातल्या राजाला हळदकुंकू वाहिलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की बाबांनो, ही पोथी न्हाय, माझा पेपर आहे. पण मामा, सातवीची पोरं ज्याचं ऐकत न्हाईत, त्याच्यापुढं तीस माणसं हात जोडून बसली तर काय होतं? मला लई बरं वाटलं.

गोष्ट अशी. एक सरदार अंगभर लोखंड घालून नदीत उतरतो. (आपली म्हसरं राखणारी पोरंसुद्धा हे करायची न्हाईत.) बुडू लागतो. वैऱ्याचा सरदार त्याला ओढून काढतो, आणि हा उपकाराच्या भरात शब्द देतो की माझी बहीण तुला दिली. बहिणीला विचारलेलं नाही. त्या वैऱ्यानं आधीची एक बायको पुरलेली असते. ती कशी गेली हे कवीनं अर्ध्या ओळीत उरकलंय.

हे ऐकून आप्पांनी मांडीवर थाप मारली. दिवाळीत आप्पांना बैलानं मारलं तेव्हा भरमानं त्यांना पाठीवर घालून खानापूरच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथल्याच व्हरांड्यात आप्पा जया त्याच्या घरात देऊन बसले. ज्योतिबाची पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली, असं आम्हाला सांगितलं होतं. शिमग्याला तिचा भाऊ आप्पांना बाजारात भेटला. म्हणाला, पडायच्या आदल्या दिवशीच तिचा हात मोडलेला होता. आप्पा तसेच घरी आले. मग म्हणाले, शब्द परत घेतो, जातो भरमाकडं. सोमवारी जायचं ठरलं, आणि रविवारी माझ्या पोथीची समाप्ती होती.

समाप्ती ऐकून आप्पा रडले. त्या सरदारानं शब्द पाळला, देवानं भाऊ-बहीण दोघांचं बरं केलं, मग मी कोण मोडणार, म्हणाले. सोमवारी भरमाकडं गेले ते तिथी ठरवूनच आले. आई चुलीपुढनं हलत न्हाय. जयानं मला एकदाच विचारलं, "त्या बहिणीला कुणी विचारलं हुतं का रं अण्णा?" मी म्हटलं, ते अभ्यासक्रमात न्हाय. माझी मला लाज वाटली.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
शामू

ता. क. मी सांगितलेला शेवट पुस्तकात न्हाय. पुस्तकात बहीण सासरी जायला नावेत बसते आणि मधल्या धारेत उतरते. सरदार काठावर उभा, राजा म्हणतो, शाब्बास. मी ते पान दुपारी वाचलं. नारळ आणलेले, प्रसाद शिजत होता. पोथी मढ्यावर कशी संपवायची? म्हणून तिला दोन मुलगे दिले, नवऱ्याला सुबुद्धी दिली आणि वीस ओळी पदरच्या घातल्या. आप्पांना त्या तोंडपाठ आहेत.

दुसरा ता. क. काल आप्पांना खरं सांगितलं. म्हणाले, "पोथीत खोटं नसतंय. जया रडती म्हणून तू आता बदलाय लागलास."

तिसरा ता. क. वर तुम्हाला बोलावलंय, ते खोडा. तुम्ही लग्नाला येऊ नका. मामाच नसला तर नवरीला बोहल्यावर कोण आणणार? आप्पा निपाणीला येऊन शिव्या देतील, त्या खा. हे पत्र मी चिकटवून जयाच्याच हाती देतोय. घरात सांगितलंय की मामाकडं केळवणाला धाडतोय, आणि तिलाही तसंच वाटतंय. केळवणाची नवरी जेवून माघारी जाते. हिला पोटभर जेवू घाला मामा, पण माघारी धाडू नका.