मूळ खरेदीदाराची सही

४ फेब्रुवारी, बुधवार

पावणेसहाला उठलो. दूध आणलं. बँकेत जाऊन आलो. दुपारी गार्गीच्या खोलीतलं कपाट आवरायला घेतलं. सुनंदा दारापर्यंत आली आणि परत गेली. कपडे हलवले नाहीत. क्लिनिकच्या पिशवीत फिजिओथेरपीचे रबरी पट्टे, बिस्किटांचा अर्धा पुडा. दारामागे क्रिकेटचं किट.

बॅट बाहेर काढली. बुडापासून वर चिरली आहे, चार बोटं. चिरेवर चिकटपट्टी, तिनंच लावलेली, कडा नीट दाबलेल्या. कव्हरच्या कप्प्यात दुकानाचं बिल आणि वॉरंटीचं कार्ड. खरेदी २१ ऑगस्ट. मुदत सहा महिने.

म्हणजे अजून चालू आहे.

ती जाऊन आज तेवीस दिवस. कार्ड तीनदा वाचलं.

५ फेब्रु., गुरु.

लिहून ठेवतो. नाहीतर पुढे मीच बदलून सांगेन.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी गा. मॅच खेळून आली. निवडीची मॅच होती. स्वतःची बॅट डिसेंबरात चिरली, म्हणून कुणाची तरी जड बॅट मागून नेली होती. सात रन करून आउट. मी चहा घेत होतो. म्हणालो, पाच महिने एक वस्तू सांभाळता आली नाही. सव्वीस वर्षांची झालीस. हा हलगर्जीपणा आहे, याला नशीब म्हणू नकोस.

ती म्हणाली, "वॉरंटी आहे, बाबा."

एवढंच. पॅड बाहेरच सोडून आत गेली.

रविवारी मी बोललो नाही. ती पण नाही. सोमवारी सव्वाअकराला क्लिनिकमधून फोन. पेशंटला व्यायाम दाखवता दाखवता खाली बसली म्हणे. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलच्या खाली स्कूटरचं हँडल लॉक होत नव्हतं. मी लॉक करत बसलो. दोन मिनिटं तरी. वर गेलो तेव्हा

६ फेब्रु., शुक्र.

रावपुऱ्यातल्या दुकानात गेलो. बॅट तिथलीच. मालक कीर्तिभाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला ओळखलं. "आवो काका, गार्गीबेन केम छे? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

मी बॅट काउंटरवर ठेवली. म्हणालो, वॉरंटीत द्यायची आहे.

त्यांनी चीर बघितली, बिल बघितलं. म्हणाले, दोष लाकडाचा असला तर कंपनी बदलून देते. पण वॉरंटी मूळ खरेदीदाराच्या नावावर असते, दुसऱ्या कुणाला चालत नाही. "सही तो बेननी ज जोईए, काका."

मी म्हणालो, ती बाहेरगावी आहे.

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून गेलं. "क्यारे आवशे?" यायची तारीख कळवतो म्हटलं. ते म्हणाले, हरकत नाही, फोटो आज पाठवतो, सही नंतर. बेनना म्हणावं, काही काळजी करू नका.

नवी बॅट मला नको आहे. मला कागद हवा आहे. लाकडात दोष होता असं लिहिलेला. तिची चूक नव्हती असं.

८ फेब्रु., रवि.

सु. विचारत होती, बॅट कुठे गेली. दुरुस्तीला दिली म्हटलं. मग म्हणाली, "कशाला?" भाजी चिरायला घेतली तिनं. विषय तिथेच संपला.

कार्डावर बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी मजकूर आहे. दांडा निखळला, सांधा उघडला, लाकडात जन्मजात दोष असला तर भरपाई. कडांच्या बारीक चिरा, जुना चेंडू, तेल न लावणं, ओल लागणं, यांना नाही. बुडावर चेंडू लागून फुटली तरीही नाही, फक्त लाकडात दोष सिद्ध झाला तरच. तिनं तेल लावलं होतं. लाकडी हातोडीने आठवडाभर गॅलरीत ठोकत बसायची, शेजारचे मेहता हैराण. मी म्हणायचो, बॅट आहे की दरवाजा. ती म्हणायची, नवी बॅट अशी ठोकून घट्ट करावी लागते, बाबा, नाहीतर फुटते. म्हणजे काळजी घेतली होती.

घेतली होती.

१२ फेब्रु., गुरु.

महिना. गुरुजी दहाला आले. साडेबाराला सगळं आटोपलं. नाशिकहून सु.चा भाऊ आला होता, दुपारच्या गाडीने गेला. सवयीने एक पान जास्तीचं मांडलं गेलं होतं, सु.ने गुपचूप उचललं. मी बघितलं.

१३ फेब्रु., शुक्र.

कीर्तिभाईंचा फोन. दुकानात गेलो. कंपनीचं उत्तर आलं आहे. बुडाला ओल लागून लाकूड फुगलं, नंतर वापरात चिरलं. वॉरंटीत बसत नाही.

त्यांनी आधी चहा मागवला, मग वाचून दाखवलं. चहा आला तेव्हाच ओळखलं होतं. मीही असंच करायचो. गोरव्याला व्हॉल्व्हच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा परत आलेल्या मालाच्या टेबलावर. ग्राहक स्वतः आला तर आधी चहा. मग शेरा. 'वापरणाऱ्याची चूक'. रोज रोज लिहायचा कंटाळा येतो म्हणून मी त्याचा रबरी शिक्का करून घेतला होता. ऑफिसात सगळे हसायचे. गा. लहानपणी त्या शिक्क्याने वहीभर छापे मारायची.

मी कीर्तिभाईंना म्हणालो, फोटो बघून ओल कळत नाही. मी हे काम केलेलं आहे. जाणकाराकडून उघडून बघितल्याशिवाय मी मान्य करणार नाही. आवाज चढला असावा, बाहेर उभं गिऱ्हाईक आत आलं नाही. कीर्तिभाई शांतपणे म्हणाले, घडियाळी पोळमध्ये एक मिस्त्री आहेत, पन्नास वर्षं बॅटीच बनवतात. त्यांनी दोष आहे म्हटलं तर मी कंपनीशी भांडतो. एकवीस तारखेपर्यंत वेळ आहे आपल्याकडे.

१६ फेब्रु., सोम.

पोळाच्या अरुंद गल्लीत स्कूटर जात नाही, बाहेर लावून बॅट घेऊन चालत गेलो. मिस्त्री दारातच बसलेले. रमणभाई. सत्तरी उलटलेली, चष्म्याला दोरा. बॅट हातात घेतली, उलटी केली, बुडाचा वास घेतला. मी म्हणालो, लाकडातला दोष शोधायचा आहे, नीट उघडून बघा, लिहून द्याल का?

त्यांनी दिवा लावला. चिकटपट्टी काढली. पातळ पातं चिरेत घालून अलगद रुंद केली. मग टेबलावरचा दिवा वाकवला आणि मला जवळ बोलावलं.

"आ बेटे पाणी पीधुं छे, साहेब." बॅटने पाणी प्यायलंय. आणि मग बोटाने दाखवलं. "अने जुओ. कंकु."

चिरेच्या आत, लाकडाच्या रेषांतून वर वर गेलेली पिवळी ओळ. मध्ये मध्ये लाल. हळद आणि कुंकू. चार बोटं वर.

ते हसले. चांगलं हसले. "पूजा करी हती? सारुं कर्युं."

मी स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं. मग ते सांगत होते ते अर्धं ऐकलं. बॅट होईल. पण पिवळा थर खरवडून काढावा लागेल, त्यावर गोंद धरत नाही. मग दाबून आठ दिवस ठेवायची. वर दोऱ्याचा वेढा. खरवडू का?

म्हटलं, थांबा. आता काही करू नका. बॅट त्यांच्याकडेच ठेवली.

स्कूटरपर्यंत आलो आणि चावी कुठल्या खिशात ते आठवेना.

१७ फेब्रु., मंगळ.

खंडेनवमी. ऑक्टोबरात.

आमच्याकडे ती आजोबांपासून. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यांची दरबारची तलवार अजून आहे. ती धुवायची, पुसायची, पाटावर ठेवायची. मग ज्याची जी हत्यारं. माझा मायक्रोमीटर, सु.चं शिवणयंत्र, खाली स्कूटर. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही, वापरायचं नाही.

गा. मॅचसाठी नडियादला गेली होती. दुसऱ्या दिवशी यायची. जुनीच बॅट नेली होती (ती तिथेच मोडली), नवी घरी. मला वाटलं, यंदा हिची पण करू. येईल तेव्हा दिसेल तिला. पाटावर मावेना. म्हणून तांब्याच्या परातीत उभी केली, भिंतीला टेकून, फरशीवर हळदीचे डाग नकोत म्हणून. वरून पळीने पाणी, दूध, परत पाणी. हळदकुंकू. झेंडूचा हार. सगळं ओघळून परातीत साचलं असणार. मी बघितलं नाही. छान दिसत होती.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. बुड पाण्यात.

ती दसऱ्याला दोनला आली. विचारलं, "बाबा, ही कालपासून अशी आहे?" मी म्हटलं, कालपासून, खास तुझ्यासाठी. बुडाकडे बघितलं. मग वाकून नमस्कार केला. बॅटला आणि मला.

उत्तरपूजा झाल्यावर बॅट घेऊन खोलीत गेली. दार लावलं. आतून केस वाळवायच्या मशीनचा आवाज, खूप वेळ. मी बाहेरून म्हटलं, एवढेसे केस, किती वाळवतेस? ती आतून हसली.

तिचे केस कोरडे होते. दुपारी आली तेव्हा मी बघितले होते.

अठरा वर्षं परत आलेला माल तपासला मी.

१८ फेब्रु., बुध.

सु.ला सांगितलं. सकाळीच, चहाच्या आधी. परात, पाणी, मिस्त्री, सगळं. वाटलं होतं ती रडेल.

ती म्हणाली, मला माहीत आहे.

गा.ने तिला दसऱ्यालाच सांगितलं होतं. बुड फुगलं आहे, एखादा यॉर्कर पडला की जाईल. सु. म्हणाली, मग बाबांना सांग. तर गा. म्हणाली, "नको सांगूस हं आई. पुढच्या वर्षी बिचारे पूजाच करणार नाहीत."

मग डिसेंबरात चिरली. सु. म्हणाली, वॉरंटीत दे. तिनं दुकानातून फॉर्म आणला, दोन दिवस टेबलावर होता, मग फाडला. त्यावर कारण लिहावं लागतं. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचं नव्हतं.

म्हणजे त्या शनिवारी ती 'वॉरंटी आहे' म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं, वॉरंटी मिळणार नाही.

सु.ने कप बाजूला सरकवला. म्हणाली, "अहो, त्या शनिवारी मी स्वयंपाकघरातच होते. सगळं ऐकत होते."

मी म्हटलं, हं.

चहा दोघांचाही तसाच राहिला.

१९ फेब्रु., गुरु.

काही नाही. दाढी केली नाही. अकोट्याच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

२० फेब्रु., शुक्र.

दुकानात गेलो. कीर्तिभाई एका कॉलेजच्या मुलीला ग्लोव्हज दाखवत होते. ती जाईपर्यंत थांबलो.

सांगितलं. आधी पाण्याचं. कंपनीचं बरोबर होतं, भांडू नका. मग दुसरं. गार्गी बाहेरगावी नाही. बारा जानेवारीला गेली.

हातातलं ग्लोव्हजचं पाकीट त्यांनी काउंटरवर ठेवलं, परत उचललं. म्हणाले, "काका, त्या दिवशीच सांगायचं ना." मी म्हटलं, नाही जमलं.

क्लेम बंद करायचा तरी फॉर्म भरावा लागतो. ते म्हणाले, राहू द्या, मी बघतो. मी म्हटलं, द्या इकडे. कारणाच्या रकान्यात लिहिलं: पूजेसाठी पाण्यात उभी ठेवली. वडिलांची चूक. वापरणाऱ्याची नाही.

गुजरातीत लिहायला हवं होतं, कंपनीला कोण वाचून दाखवणार. कीर्तिभाईंनी दोनदा वाचलं. त्यांना मराठी येतं थोडं. म्हणाले, बराबर छे.

खाली 'मूळ खरेदीदाराची सही'. ती जागा तशीच ठेवली.

फॉर्म देताना एक शब्द डोक्यात होता, हलगर्जीपणा. तिला उद्देशून म्हटलेला. तो परत कुठे घ्यायचा त्याचा फॉर्म

२१ फेब्रु., शनि.

मुदत आज संपली.

सकाळी रमणभाईंचा फोन. बॅटचं काय करायचं, सोमवारपर्यंत सांगा, दुसरं काम हातात घ्यायचं आहे. पिवळं खरवडलं तर बॅट जोडली जाईल, कुणीतरी खेळेल. नाही खरवडलं तर चीर तशीच राहील, आत हळदकुंकू तसंच. सु.ला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही ठरवा. मग म्हणाली, नको, आज नको ठरवायला.

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. घरात एकटाच. माळ्यावरून तांब्याची परात काढली. तळाला पांढरट कड दिसली, पाणी आटल्याची. चिंच लावून घासली, धुतली. कोरड्या फडक्याने पुसली. काठाच्या दुमडीत अजून थोडं पाणी होतं. ते फडक्याच्या टोकाने टिपून घेतलं आणि परात ओट्यावर पालथी घातली.