रांजणातलं शिळं पाणी

आई, परवा मी आपलं माळावरचं घर बघून आले. आता तिथं कुणी राहत नाही, गावाने ते जपून ठेवलंय. डोंगरातलं आपलं गाव धरणाखाली गेल्यावर आटपाडीकडच्या या माळावर पहिलं घर आपलं उभं राहिलं, म्हणून त्याला तारेचं कुंपण घातलंय, दारात पाटी लावलीय आणि शाळांच्या सहली येतात. आता कालव्याचं पाणी आलंय, चहूकडे डाळिंबं लागलीत. माळ कसा होता हे पोरांना दाखवायला एवढी एकच जागा उरली. बाबांनी डोंगरातल्यासारखं उतरतं छप्पर घातलं होतं, तेही तसंच आहे. ते बघून इथली माणसं हसायची, "पावणं, एवढ्या छपराला पाऊस कुठनं आणणार?" मी गेले ते मात्र छप्पर बघायला नाही. त्या घरात तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात असं कानावर आलं होतं. ती खोटी आहे हे माहीत असलेली मी एकटीच जिवंत आहे.

आपल्या डोंगरात सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं, तर भांड्यातलं रात्रीचं शिळं पाणी ओतायचं, भांडं घासायचं आणि झऱ्यावरून ताजं आणायचं. शिळं पाणी प्यायला दिलं तर सासू माहेर काढायची, असं तूच सांगायचीस. माळावर आल्यावर तू मला दोनदा बजावलंस, "हितं वतायचं न्हाई गं, बाई." इथं पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून यायचं, दोन दिवसांतून एकदा. त्या दिवशी तान्ह्या भावाला हगवण लागून तिसरा दिवस. रात्रभर त्याला मांडीवर घेऊन तू पहाटे बसल्याबसल्या डुलकी घेतेयस. बाबा गाडी घेऊन पाण्याला गेलेत. मी आठ वर्षांची. आई उठायच्या आत घरातलं काम उरकून ठेवावं, म्हणजे आई बरं म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात. मी तांब्याने रांजण तळापर्यंत उपसते, अंगणात शिंपडते, तुळशीला घालते, रांजण आतून पुसून लख्ख करते. शिंपडलेलं पाणी माझ्यादेखत वाळून जातं. मला वाटतं, आता बाबा येतील आणि ताजं भरतील.

गाडीचा आस मोडला. बाबा आले ते दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना. तोवर तू धनगरांच्या वाड्यावर जाऊन दोन वेळा तांब्याभर पाणी मागून आणलंस. तिसऱ्यांदा त्यांच्याकडेही नव्हतं. तान्हा दुपारीच गेला होता. पाणी असतं तर तो जगलाच असता असं नाही, हे मला आता कळतं, पण कळून काही उपयोग होत नाही. बाबांनी रांजणात वाकून बघितलं आणि विचारलं, "कुणी वतलं?" मी दाराआड होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "म्या. शिळं हुतं." मागाहून माझं मनगट धरून म्हणालीस, "त्वांड उघाडशील तर बघ. तुला उजवायची हाय, लगीन व्हायचंय तुजं. भावाला खाल्लं हिनं म्हणत्याल." मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. भाऊ घरात निपचित पडला होता आणि मला हायसं वाटलं होतं.

बाबांनी तुझ्यावर हात उगारला नाही. त्यांनी रांजणावर फळी बसवली आणि फळीला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या करगोट्याला. तेव्हापासून तू पाणी मागून प्यायलीस. पाहुण्यांसमोरसुद्धा. "आवं, वाइच पाणी देता का?" असं तू म्हणालीस की मी कुठेतरी बाहेर जायची. माझं लग्न झालं, साताऱ्याला नळाच्या घरात संसार झाला, तरी मी बाबांना काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता आधी तू गेलीस, मग ते. म्हातारपणी तेच वसाहतीतल्या पोरांना ही गोष्ट सांगत बसायचे.

परवा शाळेची मुलं आली होती. तिथली माहिती सांगणारी पोरगी चुणचुणीत आहे, गोड बोलते. भिंतीवर तुझा फोटो आहे, खाली तो रांजण, फळी आणि कुलूपसुद्धा. ती म्हणाली, "हे बघा, पाणी कसं जपायची माणसं. आणि ह्या आज्जीनं एकदा काय केलं माहिताय का? शिळं झालं म्हणून सगळं पाणी वतून दिलं. घरात बाळ आजारी आसताना." मग माझ्याकडे वळली. मी कोण हे गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं. "ह्या त्यांच्याच लेक हायती. आज्जी, खरं हाय न्हवं?" तीस-चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. साठ वर्षं मी जे सांगायला घाबरत होते ते सांगणं एवढं सोपं करून कुणीतरी पुढ्यात ठेवलं होतं. आता उजवायचं कुणाला राहिलं होतं, आई? मी म्हणाले, "व्हय. खरं हाय."

तिथं अभिप्रायाची वही आहे. हे सगळं तिच्यात लिहावं म्हणून मी पेनही मागून घेतलं, आणि "घर चांगलं राखलं आहे" एवढं लिहून सही केली. घरी आल्यावर तुला लिहायला बसले. हे कुणाला दाखवणार नाही, माझ्या मुलीलाही नाही. आणि तुला लिहितानासुद्धा मी एक गोष्ट वगळलीच होती. मी "खरं हाय" म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "लय येडी हुती की मग ती बाई!" सगळी पोरं हसली. आई, त्यांच्याबरोबर मीही हसले.