समजूतदार घर

दि. १९, मंगळवार

चि. ताई,

आशीर्वाद आहेतच. माझा समजूतदारपणा आपल्याला दोनशे सहा दिवसांना पडला, हे आधी लिहितो. खुशाली मागाहून.

आईचा गुडघा बरा आहे. वर्कशॉपात नवा लेथ बसला. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. ते निदान मधेच कापता येत नाही.

जहाजावरचा आचारी शुक्रवारी सुटून आला, तू टीव्हीवर पाहिलंच असशील. आपले इलेक्ट्रिशियन जावई आणि तो एकाच जहाजावरून, एकाच दिवशी पळवले गेले; सुटला तो एकटाच. त्याची बायको पहिल्या आठवड्यापासून परराष्ट्र खात्याच्या पायऱ्यांवर डबा बडवत बसली. तूही निघाली होतीस. मी दार अडवलं. म्हणालो, खात्यातले साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत, तमाशा करू नकोस.

साहेब गोड. खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. म्हणायचे, बोभाटा झाला की पळवणाऱ्यांचा भाव वाढतो, आणि एकदा पैसे मोजले की उद्या आणखी दहा जण उचलले जातील. मला पटलं. अजून अर्धं पटतं. दमबाजीला मीही एकदा पैसे दिले होते, मग तीन वर्षं देतच राहिलो.

आता जे लिहायचं टाळतोय ते. साठाव्या दिवशी मी त्यांच्या दाराबाहेर बाकावर होतो. माझे कान तुला ठाऊक आहेत; पंप कुठं अडतोय ते मी रस्त्यावरून सांगतो. आत साहेब कुणाला तरी म्हणाले, "आधी त्या आचाऱ्याचं बघा, बाई पेपरात गेलीय. इलेक्ट्रिशियनचं राहू दे. घर समजूतदार आहे."

उठून आत जायला हवं होतं. मी चहा प्यायलो. घरी येऊन तुला सांगितलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणजे एकशे शेहेचाळीस दिवस मी जाणूनबुजून गप्प होतो. पोरी, जन्मभर ग्रीस-ऑइलमध्ये हात घातलेल्या माणसाला साहेबानं समजूतदार म्हटलं की त्याला ती शाबासकीच वाटते.

सरकारनं पैसे द्यावेत की नाही, हे माझ्या अकलेबाहेरचं. द्यायचे नसतील तर बायकोच्या तोंडावर सांगा. बोलणी करायची असतील तर सगळ्यांसाठी करा, ज्याचा आवाज मोठा त्याच्यापुरती नको. एवढंच त्या दिवशी म्हणायचं होतं.

आज सकाळी डबा घेऊन पायऱ्यांवर बसलो. नवरा सुटूनही आचाऱ्याची बायको आली होती. सरकून जागा दिली आणि म्हणाली, "काका, जरा जोरात. पाहुण्यांना जेवायला नाही बोलवायचं."

तू ये. दार अडवायला मी आता घरी नाही.

दहा वाजता साहेबांची गाडी आली. काच खाली करून त्यांनी शिपायाला विचारलं, हे गृहस्थ कोण.

पायऱ्यांवरून,
तुझे बाबा